३०१ की ३०२: संकेतस्थळाचा पत्ता वळवताना

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधील एखाद्या दुकानदाराने आपले संकेतस्थळ ‘डॉट इन’वरून ‘डॉट कॉम’वर नेले आणि जुना पत्ता पुन्हा वापरायचाच नाही असे ठरवले, तर तिथे कायमचा रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय), म्हणजे ३०१ हा कोड, लावावा. सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर चालते तो संगणक, हा कोड ब्राउझरला उत्तरात पाठवतो. याउलट २०१९ आणि २०२१ च्या महापुरांप्रमाणे पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पार्सले पुन्हा सुटेपर्यंत ‘ऑर्डर द्या’ हे पान सूचनेच्या पानाकडे वळवायचे असेल, तर तात्पुरता, म्हणजे ३०२, पुरेसा आहे.

ग्राहकाला या दोहोंत काहीच फरक जाणवत नाही. फरक पडतो तो ब्राउझरला आणि सर्च इंजिनला. ३०१ चे उत्तर ब्राउझर स्वतःकडे साठवून ठेवू शकतो आणि पुढच्या खेपेस सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्यावर जातो. त्यामुळे पूर ओसरल्यावर आपण सर्व्हरवरचा नियम काढला, तरी आधी येऊन गेलेल्या ग्राहकाला ‘सध्या ऑर्डर बंद’ हीच पाटी दिसत राहू शकते, आणि त्याच्या फोनमधली ती नोंद आपल्याला कोल्हापुरात बसून पुसता येत नाही. ३०२ मात्र, साठवणीची वेगळी सूचना दिलेली नसेल तर, दर वेळी सर्व्हरला विचारूनच पाळला जातो. म्हणून निर्णय पक्का नसेल तेव्हा ३०२ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा ३०१ केव्हाही करता येतो.

गूगल ३०१ ला नवा पत्ता मुख्य मानण्याचा ठाम संकेत समजते, तर ३०२ ला दुबळा. कायमच्या स्थलांतराला ३०२ लावून ठेवल्यास शोधनिकालांत जुनाच पत्ता रेंगाळू शकतो. रीडायरेक्टमुळे क्रमवारीतील वजन गळते ही भीती अजूनही ऐकू येते, पण तसे होत नाही, असे गूगलच्या बाजूने २०१६ मध्येच सांगण्यात आले आहे. ३०१ किमान वर्षभर ठेवावा अशी त्यांची शिफारस आहे. पिशव्यांवर आणि खोक्यांवर जुना पत्ता छापलेला असेल तर त्याहून जास्त काळ ठेवावा, आणि तोवर जुन्या डोमेनचे नूतनीकरणही चुकवू नये.

अपाचे या सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीडायरेक्ट’ ही सूचना कोड न देता लिहिली, तर ती आपोआप ३०२ ठरते. कायमचा बदल केल्याच्या समजुतीत अनेकांकडे तात्पुरताच चालू असतो तो यामुळे, तेव्हा ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅबमध्ये प्रत्यक्ष कोणता कोड येतो ते पाहून घ्यावे.

फॉर्म स्वीकारणारा पत्ता हलवायचा असल्यास हे दोन्ही कोड टाळावेत. ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर ब्राउझर ‘पोस्ट’ (मजकूर पाठवणाऱ्या) विनंतीची ‘गेट’ (नुसते पान मागणारी) करतात आणि भरलेला मजकूर नव्या पत्त्यावर पोहोचतच नाही. तिथे तात्पुरत्यासाठी ३०७ आणि कायमसाठी ३०८ वापरावा.