झिंक फ्लेकच्या नावाखाली साधे प्लेटिंग : १२.९ ग्रेडच्या बोल्टबाबत झालेली फसवणूक

भोसरी एमआयडीसीत आमचे टिपर आणि ट्रेलरचे भाग जोडण्याचे छोटे वर्कशॉप आहे. बोल्ट आम्ही काळे, म्हणजे कोटिंग न केलेले, विकत घेतो आणि गंजरोधक थर देण्यासाठी बाहेर जॉबवर्कला पाठवतो. आमच्या बऱ्याच गाड्या उरणच्या बंदर भागात आणि कोकण किनाऱ्यावर चालतात. तिथल्या खाऱ्या हवेत उघडा बोल्ट एका पावसाळ्यात लाल पडतो, आणि गंजलेला बोल्ट पुढे खोलायचा झाला तर गॅसने कापावा लागतो. म्हणून हायड्रॉलिक सिलिंडरच्या ब्रॅकेटवर लागणाऱ्या १२.९ ग्रेडच्या ॲलन बोल्टना झिंक फ्लेक कोटिंगच द्यायचे, असे आमच्या ऑर्डरवर स्पष्ट लिहिलेले असते. ज्या शेडने हे काम घेतले त्यांनी दिलेला माल झिंक फ्लेकचा नव्हता आणि सोबतचा चाचणी अहवाल बनावट होता. असे काम बाहेर देणाऱ्या प्रत्येकाला हे कळावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

झिंक फ्लेकचाच आग्रह का, हे समजल्याशिवाय या फसवणुकीचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. साध्या झिंक प्लेटिंगमध्ये बोल्ट आधी ॲसिडमध्ये धुतात आणि मग बॅरलमध्ये घालून विजेच्या साहाय्याने त्यावर जस्त चढवतात. या दोन्ही पायऱ्यांत हायड्रोजन तयार होतो आणि त्यातील काही भाग पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचा फारसा त्रास होत नाही, परंतु १२.९ ग्रेडचा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटनपेक्षा अधिक ताण सहन करण्यासाठी कडक केलेला असतो, आणि पोलाद जितके कडक तितके ते हायड्रोजनमुळे ठिसूळ होण्याची शक्यता अधिक. असा बोल्ट आवळताना काहीच बोलत नाही. ताणाखाली काही तास किंवा एखादा दिवस गेला की अचानक तुटतो. झिंक फ्लेकमध्ये ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगने बोल्ट साफ करतात, जस्त आणि ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या द्रवात टोपलीने बुडवून जोरात फिरवतात आणि भट्टीत थर पक्का करतात. वीज नाही, ॲसिड नाही, त्यामुळे हायड्रोजनचा हा धोका त्यात उद्भवत नाही.

माल वेळेत आला. चलनावर आणि जीएसटी बिलावर ‘झिंक फ्लेक कोटिंग’ असेच लिहिले होते, दरही त्याचाच लावला होता आणि रंग अपेक्षित असतो तसा मंद रुपेरी करडा होता. सोबत एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या नावाचा सॉल्ट स्प्रे चाचणीचा, म्हणजे खाऱ्या फवाऱ्यात थर किती तास गंज रोखतो हे पाहण्याचा, अहवाल जोडलेला होता : आमचाच बॅच क्रमांक, ७२० तास, लाल गंज नाही. बोल्ट बसवताना आमच्या फिटरने आट्यांतून चंदेरी भुकटी पडत असल्याचे दाखवले आणि तो लॉट आम्ही बाजूला ठेवायला घेतला, परंतु तोवर काही ब्रॅकेट आवळून झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट सुरू झाली तेव्हा त्यांपैकी काही बोल्टची डोकी तुटून जमिनीवर पडलेली होती. गाड्या उभ्याच होत्या आणि त्यांवर कसलाही भार नव्हता. हेच बोल्ट लावून जी गाडी आदल्या संध्याकाळी बाहेर पडली होती, ती फोन करून वाटेतच थांबवली. भरलेला टिपर उचललेल्या अवस्थेत असताना ते ब्रॅकेट सुटले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

त्या शेडच्या मालकाने पहिले उत्तर दिले ते असे : “साहेब, तुमचं मटेरियलच खराब असणार, कोटिंगनं कधी बोल्ट तुटतो का?” हे उत्तर या धंद्यात नेहमी मिळते आणि त्यापुढे बहुतेक जण गप्प बसतात. आमच्याकडे मात्र त्याच लॉटमधले कोटिंग न केलेले बोल्ट शिल्लक होते. दोन्ही प्रकारचे बोल्ट आम्ही प्रयोगशाळेत दिले. कडकपणा दोन्हींचा योग्य मर्यादेत आला. आयएसओ १५३३० या मानकाप्रमाणे दोन्ही ताणून ४८ तास ठेवले असता काळे बोल्ट शाबूत राहिले आणि कोटिंग केलेले तुटले. कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पापुद्र्यांचे एकावर एक थर कुठेच नव्हते. जस्ताचा एकसंध प्लेटिंगचा थर होता आणि त्यावर चंदेरी रंग मारलेला होता. तुटलेल्या पृष्ठभागावर पोलादाचे कण कडांपासून सुटे झालेले दिसले. हायड्रोजनने आलेल्या ठिसूळपणाची ही ओळखीची खूण आहे.

अहवालाचा खोटेपणा तर नुसत्या तारखांवरून सिद्ध होत होता. सॉल्ट स्प्रे चाचणीत ३५ अंश सेल्सियसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा अखंड चालू ठेवतात, तिचे तास कोणत्याही उपायाने कमी करता येत नाहीत. ७२० तास म्हणजे पूर्ण ३० दिवस होतात, आणि आमचा माल त्या शेडमध्ये जाऊन परत यायला जेमतेम आठवडा लागला होता. मग ज्या प्रयोगशाळेचे नाव वापरले होते तिला अहवालाची प्रत पाठवून विचारले. अहवालावरचा यूएलआर क्रमांक (प्रत्येक अहवालाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) दुसऱ्याच ग्राहकाच्या दुसऱ्याच भागासाठी दिलेला असल्याचे त्यांनी लेखी कळवले. नमुन्यादाखल आधी केलेल्या चाचणीचा जुना अहवाल देणे गैर नाही, पण त्यावर ग्राहकाचा बॅच क्रमांक टाकणे ही सरळ बनवेगिरी आहे.

कोटिंगच्या कामाला माणसे दर विचारतात, थराची जाडी किती मायक्रॉन ते विचारतात. यंत्र दाखवा असे फार थोडे जण म्हणतात. आम्ही नंतर त्या शेडवर गेलो तेव्हा तिथे ना शॉट ब्लास्टिंग होते, ना टोपली फिरवणारे यंत्र, ना भट्टी. माल पुढे दुसऱ्याच एका प्लेटरकडे जात होता आणि तिथेही बेकिंग, म्हणजे पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी बोल्ट भट्टीत तापवणे, होत नव्हते. कडक बोल्टवर प्लेटिंग करायचेच झाले, तर ते संपल्यावर शक्यतो चार तासांच्या आत बोल्ट १९० ते २२० अंशांच्या भट्टीत जायला हवेत आणि भट्टीचा तापमानाचा चार्ट मागितला की मिळायला हवा. तो चार्ट देताना जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे १०.९ किंवा १२.९ चे बोल्ट कधीही देऊ नका.

धंद्यासाठी घेतलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग आम्हाला बंद होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३३६ खाली, म्हणजे फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांबद्दल, पोलिसांत तक्रार दिली आहे आणि नुकसानभरपाईसाठी वकिलांमार्फत नोटीस पाठवली आहे. बिल, चलन, सीलबंद नमुने आणि प्रयोगशाळेचे पत्र हाती असल्यामुळेच तक्रार नोंदवून घेतली गेली.

उरलेला लॉट ‘आता बेकिंग करून देतो’ असा प्रस्ताव त्या मालकाने मध्यंतरी दिला होता, तो आम्ही नाकारला. आत एकदा पडलेली भेग भट्टीत घालून सांधत नाही. असे बोल्ट भंगारात अख्खे गेले तर पुन्हा कुणाच्या तरी गाडीला लागू शकतात, म्हणून पुराव्याचे नमुने वगळून बाकीचा प्रत्येक बोल्ट आम्ही आट्यांजवळ कापून मगच भंगारवाल्याच्या स्वाधीन केला.