ऑनलाइन मिळणारा न्यूबॉर्न फोटोशूट संच: काय ठेवावं, काय परत पाठवावं

सटी झाली की घरात फोटोची घाई सुरू होते. बारशाच्या निमंत्रणावर टोपलीत झोपलेलं बाळ हवं असतं, सोयर असल्यामुळे त्याला स्टुडिओत नेता येत नाही, मग कोणीतरी मोबाइलवरून 'न्यूबॉर्न शूट सेट' मागवतं. हे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, पण आतला माल जवळपास सारखाच: गोल बीनबॅग, छोट्या उशा, ताणणारे रॅप (बाळाला गुंडाळायची कापडं), वेताची टोपली, झोळी, 'शुश्श' आवाजाचं यंत्र, बाळकृष्णाचा पोशाख आणि पोझ दाखवणारं कार्ड. बीनबॅग, उशा आणि रॅप पैसे वसूल करतात. झोळी आली तशी परत पाठवावी. कार्ड तर सर्वांत घातक.

आधी कार्डच घेऊ. त्यावर दोन्ही कोपरं टेकवून, हनुवटी तळहातांवर ठेवून झोपलेलं बाळ असतं, म्हणजे 'फ्रॉगी' पोझ. नवजात बाळाच्या मानेला डोकं पेलण्याची ताकद नसते, त्यामुळे कुठलंही बाळ असं आपणहून बसत नाही. तो फोटो दोन फोटो जोडून केलेला असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का ठेवतात. पहिल्या फोटोत मदतनीस वरून डोकं धरतो, दुसऱ्यात खालून मनगटं धरतो आणि संगणकावर दोन्ही हात पुसले जातात. कार्डावर याची एक ओळही नसते. ज्याला हे जोडकाम येत नाही, त्याने ही पोझ सोडूनच द्यावी. बटाट्याच्या पोत्यासारखं गुंडाळून उभं बसवलेलं बाळही असंच: मागे कोणाचा तरी हात असतोच.

बीनबॅग मात्र चांगली आहे, फक्त ती नीट भरली पाहिजे. थर्मोकोलचे दाणे कमी पडले की मधे खड्डा होतो, बाळ त्यात घसरतं आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मऊ असते, मान अशी मुडपली की श्वास अडतो, आणि बाळ रडत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तळहाताने दाबल्यावर हात आत रुतला तर आणखी दाणे घाला. चेन मागच्या बाजूला ठेवा आणि तिला आतून दुसरा कप्पा आहे का ते पाहा, कारण दाणे नाकातोंडात जाऊ शकतात. वर जलरोधक कापड, त्यावर ताणून बसवलेलं ब्लँकेट. ब्लँकेटला सुरकुती पडली की ती आधी नाकाशीच येते. उशा ब्लँकेटच्या खाली जातात, बाळाच्या अंगाला लावून ठेवायच्या नसतात. शूट संपलं की बाळाला लगेच उचला. बीनबॅग हे बिछान्यासारखं मऊ सामान आहे, पण झोपायची जागा नाही. 'आता झोपलंय तर राहू दे' म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते, तिला हे आधीच सांगून ठेवावं.

पोटावर झोपवून फोटो काढायचा असेल तर तोंड एका बाजूला आणि नाक कॅमेऱ्याला दिसेल असं ठेवा. बाळापासून वीतभर अंतरावर एक मोकळा हात सतत हवा. फोटो काढणारा तो हात देऊ शकत नाही, म्हणून माणसं किमान दोन. तान्ही बाळं अचानक दचकून हात फेकतात, तेवढ्याने ती बीनबॅगच्या कडेवरून घरंगळू शकतात. वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असलाच पाहिजे.

रॅप साधारण दीड मीटर लांब येतात आणि कापड छान ताणतं. छातीशी दोन बोटं सहज जातील इतकंच घट्ट करा. पाय गुडघ्यात वाकलेले, मांड्या थोड्या फाकलेल्या राहू द्या. सरळ ओढून आवळले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. तळहात-तळपाय थोडे निळसर दिसणं पहिल्या दिवसांत चालतं. अंगाखाली दबलेला हात जांभळा झाला तर लगेच पोझ सोडा. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर शूट बंद करून डॉक्टर गाठा.

टोपली हलकी आहे, बाळाचं वजन एका कडेला गेलं की कलंडते. तळाशी उकड्या तांदळाची पाच किलोची पिशवी घाला, वर जाड चादर, आणि टोपली जमिनीवरच ठेवा. वेताची टोकं बोटाने चाचपून घ्या. झोळीचा आकडा आणि दोरी काय वजन सहन करते हे कुठेही लिहिलेलं नाही. लटकलेल्या बाळाचे सुंदर फोटोसुद्धा बहुधा जोडकामच असतं, बाळ खाली बीनबॅगवर असतं.

'शुश्श' यंत्र बाळाच्या कानाशी ठेवायला सांगतात. किमान दोन मीटर दूर, मंद आवाजात ठेवा.

गरम हवेचा पंखा सोबत आला तर तो गोव्यात जवळजवळ निरुपयोगीच. उघड्या बाळासाठी खोली 26 ते 28 अंश पुरेशी आहे, आणि एप्रिल-मेमध्ये उलट एसी लावून तिथवर आणावी लागते. एसीची झोत बाळावर नको. हातपाय गार लागले म्हणून फसू नका, मानेच्या मागे हात लावून पाहा. घाम असेल तर एक थर काढा. बाल्कांवातला (घरापुढच्या छपराच्या बैठकीतला) उजेड मऊ आणि फोटोला सुरेख असतो, पण वारा आणि डास तिथेच असतात. कॉइल लावू नका, धुरीही नको. किनाऱ्यावरचा फोटो तर सहा महिन्यांनंतरच: त्याआधी सनस्क्रीन लावत नाहीत.

बाळकृष्णाच्या पोशाखात मुकुटाची कड टोचते, मोरपिसाचा देठ कापावा लागतो, मोत्यांची माळ गळ्यात घालू नये. अबोलीची फाती (गजरा) ठेवायची हौस असेल तर ती झटकून घ्या, मुंग्या असतात.

शूटच्या सकाळी खोबरेल तेलाची मालीश नको, बाळ हातातून निसटतं. आदल्या संध्याकाळी करा. हात धुणं, अंगठ्या-बांगड्या काढणं सर्वांना लागू. सर्दी किंवा ओठावर फोड असलेल्याने बाळ हाताळू नये. आधी पोटभर दूध, ढेकर, मग शूट. झोप लागावी म्हणून दूध लांबवणं किंवा कसलंही औषध देणं साफ चुकीचं. सर्व मिळून दोन तासांत आटपा, मधे दूध मागितलं तर थांबा. बाळ लवकर जन्मलं असेल किंवा कावीळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

संच वापरण्याआधी कापडं बिनवासाच्या साबणात धुवा, दोनदा खळबळा, सॉफ्टनर टाळा. पावसाळ्यात ती नीट वाळत नाहीत आणि वेताच्या टोपलीला हमखास बुरशी येते. कुबट वास आला तर त्या दिवशी टोपलीशिवायच फोटो काढा, घरातला जुना लाकडी पाळणा तिच्यापेक्षा चांगला दिसतो.