थँक्सगिव्हिंगच्या तयार जेवणाची पेटी: टर्की उत्तम, शाकाहारी माणसाकडे मात्र दुर्लक्ष

मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला आल्यापासून अकरा वर्षे आम्ही थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी येणाऱ्या अमेरिकेतल्या कृतज्ञतेच्या सणाला, कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहुणे म्हणून जेवलो. २०२४ मध्ये स्वतःचे घर झाले, साताऱ्याहून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले, आणि यंदा हे जेवण आपल्याच घरी करायचे, असे ठरले. अडचण एवढीच होती की बुधवारी रात्री आठपर्यंत माझी ड्यूटी होती, नवऱ्याने आयुष्यात कधी टर्की, म्हणजे या सणाला अख्खा भाजतात तो कोंबडीसारखा मोठा पक्षी, भाजलेली नव्हती, आणि गोठलेल्या टर्कीतला बर्फ फ्रिजमध्ये नीट वितळायला दर चार-पाच पौंडांमागे एक पूर्ण दिवस लागतो, म्हणजे गुरुवारच्या जेवणासाठी सोमवारपासूनच फ्रिजचा एक कप्पा तिच्या नावे करून द्यावा लागतो. शेवटी घराजवळच्या एका मोठ्या सुपरमार्केटमधून तयार जेवणाची पेटी मागवली. आपल्याकडे बहुतेक घरांत अर्धी माणसे शाकाहारी आणि अर्धी मांसाहारी असतात, आणि अशा घराने ही पेटी घेताना काय तपासावे हे आमच्या पेटीवर कोठेही लिहिलेले नव्हते. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

पेटी म्हणजे पुठ्ठ्याचा भलामोठा खोका. किंमत १४९ डॉलर, आणि आठ ते दहा माणसांना पुरेल असा दुकानाचा दावा. त्यात अकरा पौंडांची, म्हणजे सुमारे पाच किलोंची भाजलेली टर्की, मांसावर ओतायची ग्रेव्ही, पावाच्या तुकड्यांचे स्टफिंग, कुस्करलेले बटाटे, ग्रीन बीन कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेल्या फरसबीचा पदार्थ), वर मार्शमेलो पसरलेली रताळी, क्रॅनबेरी सॉस, बारा रोल (छोटे पाव) आणि भोपळ्याचे गोड सारण भरलेला एक पम्पकिन पाय असे नऊ पदार्थ होते. खोक्यावर ‘पारंपरिक’ हा शब्द ठळक छापलेला आहे; तो फार मनावर घेऊ नये. १६२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकरी आणि तेथील मूळचे वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले, तेच या सणाचे मूळ मानतात. त्याबद्दल त्या वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लो यांनी पत्रात जे लिहिले आहे त्यात शिकार करून आणलेले पक्षी आहेत आणि वाम्पानोआगांनी आणलेली पाच हरणे आहेत. बटाटे नाहीत आणि भोपळ्याचा पायही नाही. ग्रीन बीन कॅसरोल तर १९५५ मध्ये कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी डबाबंद मश्रूम सूप वापरून तयार केलेला पदार्थ आहे. त्याच प्लिमथमध्ये १९७० पासून मूळ रहिवाशांचे वंशज वसाहतींमुळे पूर्वजांवर ओढवलेल्या संहाराबद्दल याच दिवशी शोकदिन पाळतात, हे आमच्या मुलीने शाळेत शिकून आल्यावर आजोबांना सांगितले, आणि त्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

नोंदणी आठवडाभर आधी ऑनलाइन करावी लागते आणि पेटी नेण्यासाठी अर्ध्या तासाची वेळ निवडावी लागते. आमची वेळ बुधवारी संध्याकाळी साडेपाचची होती. नवरा वेळेवर पोहोचला, तरी पेटी हातात पडायला चाळीस मिनिटे लागली, कारण वेळ निवडलेले आणि न निवडलेले सगळे एकाच रांगेत उभे होते. बुधवारी एवढी झुंबड उडते याला इथला कायदाही कारणीभूत आहे. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या तीन राज्यांत थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मोठी सुपरमार्केट उघडायला कायद्यानेच मनाई आहे. काउंटरवरच्या मुलीचा चेहरा दमलेला होता. पण उद्या मी पण घरीच आहे, असे ती हसून म्हणाली, तेव्हा रांगेतल्या कोणाचीच कुरकुर उरली नाही, असे नवरा सांगत होता. कायदा चांगलाच आहे. त्याची दुसरी बाजू आम्हाला गुरुवारी सकाळी कळली.

त्याआधी बुधवारची रात्र. आमच्या घरात सासूबाई मांस खात नाहीत आणि अंडेही खात नाहीत. म्हणून नोंदणी करतानाच मी दुकानात फोन करून विचारले होते, आणि टर्की व ग्रेव्ही सोडून बाकी सगळे शाकाहारी आहे, असे मला ठामपणे सांगण्यात आले होते. रात्री नऊ वाजता कामावरून येऊन मी एकेक डबा उलटा करून बारीक अक्षरांतली यादी वाचू लागले. स्टफिंगमध्ये चिकन ब्रॉथ, म्हणजे कोंबडी उकळलेले पाणी. रताळ्यांवरच्या मार्शमेलोमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन. रोलवर चकाकी यावी म्हणून लावलेले अंडे. पायमध्ये तर अंडे असतेच, कारण भोपळ्याचे ते सारण अंड्यावरच बसते. नऊ पदार्थांपैकी सासूबाईंच्या पानात वाढण्याजोगे तीनच राहिले: बटाटे, बीन्स आणि क्रॅनबेरी सॉस. फोनवर बोलणाऱ्या माणसाने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. ज्यात मांसाचा तुकडा दिसत नाही ते शाकाहारी, एवढीच त्याची समजूत असावी. मात्र १४९ डॉलर घेणाऱ्या दुकानाने ही यादी नोंदणीच्या वेळीच दाखवायला हवी होती, आणि या एका गोष्टीसाठी मी दुकानाचे गुण सर्वांत जास्त कापले आहेत.

सासूबाई मात्र शांत होत्या. “अगं, मला काय कमी आहे? मसालेभात टाकते आणि त्या बटरनटचे घारगे करते,” असे म्हणून त्यांनी रात्रीच बटरनट भोपळा किसून गुळात शिजवून ठेवला.

आता टर्कीकडे वळते. तयार जेवण म्हणजे गरमागरम जेवण, असा अनेकांचा समज होतो, तसे नाही. सगळे शिजवून थंड केलेले असते आणि घरी गरम करावे लागते. सोबतच्या कागदावर ३२५ अंश फॅरनहाइटला, फॉइलने झाकून, तळाशी दोन कप पाणी घालून दोन तास, असे लिहिले होते. दोन तासांनी छातीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसून पाहिले तर तो १३२ दाखवत होता. मधला भाग १६५ अंशांपर्यंत जायला हवा. तेथे पोहोचायला आणखी पाऊण तास लागला. दोष ओव्हनचा असेल किंवा कागदाचा, पण थर्मामीटर घरात नसता तर वरून वाफाळलेली आणि आतून कोमट टर्की आम्ही पाहुण्यांना वाढली असती. ज्यांना ही पेटी घ्यायची आहे त्यांनी पंधरा डॉलरचा साधा थर्मामीटर आधी घ्यावा आणि जेवणाची वेळ कागदावरच्या हिशेबापेक्षा तासभर पुढची धरावी.

ओव्हन एकच असतो, याचाही विचार कागद लिहिणाऱ्याने केलेला नाही. टर्की ३२५ अंशांवर, बीन्स आणि स्टफिंग ३५० अंशांवर, रताळी आणखी निराळ्या तापमानावर, आणि सगळे एकाच वेळी टेबलावर. आम्ही शेवटी टर्की बाहेर काढून फॉइलखाली अर्धा तास तशीच ठेवली आणि तेवढ्यात बाकीचे डबे एकदम आत सरकवले. पक्षी असा मुरू दिला की त्यातला रस कापताना ताटात वाहून जात नाही, म्हणजे अडचणीतून निघालेली ही वाट मुळात योग्यच ठरली.

आणि ग्रेव्ही. गुरुवारी सकाळी ग्रेव्हीचा डबा काढायला गेले तर हाताला सगळे चिकट लागले. झाकण नीट बसवलेले नव्हते. खोका गाडीत आडवा झाला असणार, आणि चोवीस औंसांतली जेमतेम चार चमचे ग्रेव्ही तळाशी उरली होती. बाकीची खोक्याच्या पुठ्ठ्याने पिऊन टाकली होती. दुकानाचा फोन वाजत राहिला. उचलणार कोण? ते सगळे आपापल्या घरी टर्की गरम करत असणार.

आमच्याकडे जेवायला शेजारच्या बाईंना बोलावले होते. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि घरात एकट्याच असतात. त्या स्वतःची सुरी घेऊन लवकरच आल्या होत्या. ग्रेव्ही सांडल्याचे ऐकून त्यांनी टर्कीखालच्या ट्रेमध्ये उतरलेला रस दाखवला आणि म्हणाल्या, हीच तुमची ग्रेव्ही, फक्त लोणी आणि मैदा काढा. मैदा लोण्यात खमंग भाजायचा, हे कळताच सासूबाईंनी त्यांच्या हातातला चमचा घेतला. लाडवाचे पीठ भाजावे तशा मंद आचेवर, कढईच्या कडेने ओढत, गुठळी न होऊ देता त्या भाजत राहिल्या, आणि रंग बदामी होऊन वास सुटल्यावर चमचा परत बाईंच्या हातात देऊन, टर्कीचा रस त्यात पडण्याआधी दोन पावले मागे सरकल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्या दिवशी पानात वाढलेल्या पदार्थांत या ग्रेव्हीला तोड नव्हती, आणि ती दुकानाची नव्हती, हे परीक्षणात नोंदवणे मला भाग आहे.

बाईंनी टर्की कापूनही दाखवली. आधी मांडी सांध्यापाशी बाहेर वळवून सोडवायची, मग छातीचा पूर्ण भाग हाडापासून अखंड वेगळा करायचा आणि फळीवर ठेवून आडव्या चकत्या करायच्या; पक्ष्यावरच उभी सुरी चालवली की मांसाचे धागे सुटतात आणि ते कोरडे लागते. मांस चवीला खरेच चांगले होते. आतपर्यंत मीठ लागलेले, छातीचा भाग ओलसर, मांडी मऊ. त्वचा मात्र फॉइलखाली वाफेने नरम पडली आणि कुरकुरीत काही राहिली नाही. बटाटे उत्तम. स्टफिंग खारट आणि लगदा झालेले. बीन्स बऱ्या. रताळ्यांबद्दल न बोललेले बरे, कारण रताळ्यावर साखरेचा कापूस का वितळवावा हे मला अकरा वर्षांत कळलेले नाही. क्रॅनबेरी सॉस चाखून सासूबाई म्हणाल्या, “करवंदाचं लोणचं घालायचं सोडून मुरांबा केला की असंच लागेल,” आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. पम्पकिन पाय कापताना सासऱ्यांनी “पाय कुणाचा? भोपळ्याचा?” हा विनोद केला, जो या देशात आलेला प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी करतोच, पण घास घेतल्यावर गंभीर होऊन म्हणाले, “जायफळ आणि सुंठ. हे आपलंच की!” घारगे आणि पाय एकाच ताटलीत ठेवले होते. मुलीने घारगे संपवले.

आता मूळ प्रश्न असा की १४९ डॉलर देऊन काय मिळाले. गेल्या अकरा वर्षांत ज्या ज्या घरी आम्ही जेवलो तेथे घरची बाई टेबलावर सर्वांत शेवटी बसली, आणि बसल्यावरही तीनदा ओव्हनकडे उठून गेली. जेवण सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगायचे अशी इथली रीत असते. तेव्हाही ती बहुधा स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलायची. यंदा मी खुर्चीवर बसलेले होते. सासऱ्यांनी आधी नेहमीचा श्लोक म्हटला. त्यांची पाळी आली तेव्हा ते अवघडले, कारण घरच्या माणसांचे आभार मानले की ती परकी होतात, असे ते आयुष्यभर म्हणत आले आहेत. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवत म्हणाले, “आल्या दिवशीच सुनेनं ही हातात दिली. पाहुण्याला कोणी किल्ली देत नाही.” शेजारच्या बाईंना नवऱ्याने ते इंग्रजीत सांगितले. टेबलावर थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. हे ऐकायला मी तेथे होते, ते या पेटीमुळे. ओव्हनपाशी वाकलेली असते तर हे मला रात्री भांडी घासताना कोणीतरी सांगितले असते.

शुक्रवारी दुकानात फोन केल्यावर व्यवस्थापकांनी वाद न घालता ग्रेव्हीबद्दल पंधरा डॉलर परत केले आणि शाकाहाराबद्दलची तक्रार लिहून घेतली. तिचे पुढे काय होते ते पुढच्या नोव्हेंबरात पाहू. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एवढे असूनही पूर्ण पेटी मी पुन्हा मागवणार नाही. हेच दुकान नुसती भाजलेली टर्की आणि बटाटे सुटेही देते. तेवढेच घ्यावे, बाकीचे घरी करावे, आणि शाकाहारी माणूस जेवायला असेल तर फोनवरच्या शब्दावर विसंबून न राहता दुकानात जाऊन डबा स्वतः उलटा करून वाचावा. ग्रेव्ही घेतलीच तर ती गाडीत मांडीवर धरावी.

आठ-दहा माणसांचा दावा मात्र खरा आहे. आम्ही सहा जण होतो, त्यामुळे बरीच टर्की उरली. शिजवलेली टर्की फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावी, म्हणून शनिवारी तिचे तुकडे कांद्यावर परतून, सासूबाईंनी येताना आणलेला कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. नवरा आणि सासरे दोघेही गुरुवारपेक्षा जास्त जेवले.