टाकाने कुत्री-घोडी काढायची, तर समोर कोण: दे घेन की रेम्ब्रांट?

टाक-शाईने जनावरं काढायला बसलेल्याला डच चित्रकार टाळता येत नाहीत. अडतं ते कुणाच्या चित्रांवरून सराव करायचा इथे. मी दोघांच्या चित्रांवरून केला आहे: जाक दे घेन दुसरा (१५६५–१६२९) आणि रेम्ब्रांट (१६०६–१६६९).

रेम्ब्रांट पहिल्या भेटीतच जिंकतो. बॉस्टनच्या संग्रहालयातला त्याचा खोपटात झोपलेला राखणदार कुत्रा बघा. मोजक्या रेघा, वर तपकिरी वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा हात), आणि कुत्र्याचं सगळं ओझं जमिनीवर टेकलेलं. मुघल लघुचित्रं पाहून जपानी कागदावर केलेले त्याचे घोडेस्वार फार देखणे आहेत; पण त्यातला घोडा मूळचा मुघल चित्रशाळेतला, तेव्हा तो मोजणीत धरत नाही.

मला नडलं ते वेगळंच. रेम्ब्रांटवरून काढताना चूक सापडत नाही. कुत्र्याचा मागचा पाय फसलाय हे दिसतं, पण कुठे फसला ते कळेल तर शपथ! नेमक्या त्या जागी मूळ चित्रात बहुधा रेघ नसतेच, नुसता वॉशचा डाग. रेघ वाढवली तर पाय लाकडी होतो, काढून टाकली तर पायच जातो. मग हळूहळू हात ‘स्टाइल’च्या नावाखाली काहीही खपवू लागतो. साधी शाई वॉशखाली फुटते, ती कटकट आणखी.

दे घेन हॉलंडातल्या हार्लेमला गोल्ट्सियस या कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराकडे छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायला शिकला होता. ती सवय त्याच्या टाकातही आहे: रेघ बारीक निघते, मध्ये फुगते, निमुळती होत संपते. घोड्याच्या गालावर तशी रेघ ओढा. जबड्याच्या हाडापाशी ती वळली पाहिजे. वळण जरा हुकलं की गाल सपाट. चुकीवर बोट ठेवता येतं, आणि पुढच्या कागदावर ती सुधारताही येते.

वेळ मात्र खातो. खांद्यापर्यंत पोचेस्तोवर संध्याकाळ संपते, आणि घोडा थोडा पत्र्याचा वाटू शकतो. न्यूपोर्टच्या लढाईत पकडलेला स्पॅनिश घोडा त्याने १६०३ साली तैलरंगात रंगवला, तोही मला जरा ताठच वाटतो.

हात आधीच बसला असेल, तर रेम्ब्रांट घ्या, मजा येईल. नसेल, तर अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवरून दे घेनची बेडकांची चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घ्या, आधी त्यांवर सराव करा. घोडा त्यानंतर.