अय्यंगार की अष्टांग विन्यास? आधी गुडघ्याला विचारा

योगाच्या या दोन्ही पद्धतींचं मूळ एकच. तिरुमलाई कृष्णमाचार्य १९३०च्या दशकात म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवत. पट्टाभी जोइस आणि बी. के. एस. अय्यंगार हे दोघेही त्यांचे शिष्य; अय्यंगार तर नात्याने मेहुणे. जोइस म्हैसूरलाच राहिले; अष्टांग विन्यास ही त्यांची पद्धत. अय्यंगार १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले ते पुण्याचेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ची.

अष्टांगात क्रम ठरलेला. दोन प्रकारचे सूर्यनमस्कार पाच-पाच, मग उभी आसनं, मग बैठी; प्रत्येक आसनात पाच श्वास. पहिली मालिका पूर्ण करायला दीडेक तास लागतो. आठवड्यातून सहा दिवस यायचं, अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. हातातलं आसन जमल्याशिवाय शिक्षक पुढचं देत नाहीत, त्यामुळे नवख्याचं सुरुवातीला अर्ध्या तासातच आटोपतं.

दुखणी ठरलेल्या जागी येतात. चतुरंग दंडासन, म्हणजे कोपरं वाकवून शरीर जमिनीलगत हातांवर तोलणं, एका सकाळी कितीतरी वेळा येतं. खांदे कोपरांच्या खाली गेले की सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर पडतो. ताकद येईपर्यंत गुडघे टेकवा. दुसरी जागा अर्धबद्ध पद्मोत्तानासन: एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल मांडीच्या मुळाशी ठेवायचं आणि पुढे वाकायचं. मांडी खुब्यातून वळत नसताना पाऊल वर ओढलं, तर तो पीळ गुडघा सोसतो. आतल्या बाजूला टोचलं की पाय लगेच सोडायचा.

अय्यंगार पद्धतीत आसनं थोडी आणि थांबणं जास्त. त्रिकोणासनात हात जमिनीला लावायच्या हट्टापायी छाती पुढे कलते, म्हणून घोट्याबाहेर वीट उभी करून हात तिच्यावर ठेवतात. सर्वांगासनाला तीन-चार ब्लँकेटच्या घड्या: खांदे घडीवर, डोकं खाली जमिनीवर. त्याने मान चेपत नाही. घड्यांच्या गोल कडा एका रेषेत हव्यात. खांदा घसरला की आसन गेलंच. घाम गाळायला आलेले मात्र इथे कंटाळतात, आणि प्राणायामही उशिरा मिळतो.

रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारी आसनं दोन्हीकडे डॉक्टरांना विचारूनच.

सहा सकाळी मोकळ्या असतील आणि सांधे धड असतील तर अष्टांग खुशाल धरा. पण जमिनीवर मांडी घालून बसा: गुडघे खुब्यांपेक्षा वर राहिले, तर निदान वर्षभर अय्यंगार.