विजया तेल: झोपेला चार तारे, पण बंदूक गेली पोलीस ठाण्यात

गेल्या भादव्यात मला नागीण झाली. उजव्या बरगडीपासून पाठीपर्यंत. फोड पंधरा दिवसांत वाळले, आग मात्र आत राहून गेली. सदऱ्याचं कापड घासलं तरी जीव कासावीस व्हायचा. नांदेडहून आणलेल्या गोळ्यांनी दिवसा गुंगी अन् रात्री टक्क जाग. शेवटी पुण्याच्या पुतण्यानं मोबाईलवर विजया तेल मागवून दिलं. विजया म्हणजे भांग. वयाच्या ६६व्या वर्षी मी भांगेचं तेल घेणार म्हणल्यावर घरात दोन दिवस हसणंच चाललं होतं.

मागवायची रीत अशी: आधी फॉर्म, मग व्हिडिओवर एक वैद्य. मोजून सात मिनिटं. जीभ बघितली, मलमूत्र विचारलं, चिठ्ठी दिली. मी घरी काय ठेवतो हे काही विचारलं नाही. त्यावर पुढं येतोच. ३० मिलीची बाटली, २,६५० रुपये. कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, म्हणून किनवटला जाऊन आणावी लागली. बाटलीवर पानाचं चित्र आहे. शेजारीण म्हणली, "अंबाडीचं तेल निघायलं का आता?" दोन्ही पानं दिसायला सारखीच, तिची काय चूक.

वास ओल्या कडब्याला तिळाचं तेल चोळल्यासारखा. चव कडवट, घशात जरा खवखवते. ड्रॉपर एकदम फालतू. रबर सैल, पाच थेंब म्हणावं तर आठ पडतात.

गुण आला का? आला. पहिल्या तीन रात्री काही नाही. चौथ्या रात्री अकराला पडलो ते चारला जागा झालो. आग जात नाही, पण लांब जाते. भांडण आपल्या घरातून उठून शेजारच्या घरात गेल्यासारखी. महिनाभर तरी असाच गुण होता.

आता बंदूक. वडिलांची बारा बोअर, एकनळी, माझ्या नावावर २७ वर्षं. आमचं शेत जंगलाला लागून. रानडुकरं अन् रोही एका रात्रीत मक्याचं वाटोळं करतात. बार काढला की ओढ्यापलीकडं पळतात, एवढाच तिचा उपयोग. परवान्याची मुदत आधी तीन वर्षं होती, २०१९च्या दुरुस्तीनंतर पाच झाली. माझी मुदत नेमकी या पौषात संपत होती.

कागदांत डॉक्टरचा दाखला मागितला. २०१६च्या शस्त्र नियमांत त्याचा नमुना आहे, एस-३ नावाचा. मन अन् शरीर धड आहे, आणि माणूस मादक किंवा अंमली पदार्थांवर अवलंबून नाही, असं एमबीबीएस डॉक्टरनं लिहून द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोजचं औषध काही? मी शहाणा, बाटली काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी लेबल वाचलं. वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा होता. कायद्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे. तिच्यात भांग आहे, तसेच बिब्बा, धोतरा, जमालगोटाही आहेत. यातलं काही औषधात असलं की हा इशारा छापावा लागतो. मी म्हणलं, बाई, १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, नुसतं पान अन् बी त्यात धरत नाहीत. पुतण्यानं पाठ करून घेतलं होतं ना! त्या म्हणल्या, "काका, तो कायदा वेगळा, हा फॉर्म वेगळा. रोज रात्री घेतल्याशिवाय झोप येत नाही असं तुम्हीच सांगायलात. मग 'अवलंबून नाही' असं मी कसं लिहू?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. एका रात्री आठाचे दहा थेंब पडले होते. मक्यात खसफस ऐकून उठलो तर गोठ्यातला दिवा हलताना दिसला. बंदुकीला हात घातला अन् तसाच मागं घेतला. त्या रात्री डुकरांनी निवांत जेवण केलं. पण रोज संध्याकाळी क्वार्टर लावणाऱ्या आमच्या भावकीतल्या एकाला हाच दाखला दुसऱ्या दवाखान्यात पाच मिनिटांत मिळाला, त्याला कुणी काही विचारलं नाही, याचा राग अजून आहे.

कंपनीला चॅटवर विचारलं. उत्तर आलं, "सर, शंभर टक्के कायदेशीर आहे, सवय लागत नाही." म्हणलं, हेच लेटरहेडवर द्या, शस्त्र परवान्यासाठी पाहिजे. तिथून पुढं एकदम चिडीचूप. वैद्यांचा फोनही नाही.

नांदेडला ट्रकचे पार्ट विकणारे एक सरदारजी ओळखीचे आहेत. ते म्हणले, तुम्ही सुटलात, आमच्या पंजाबात बंदुकीच्या परवान्याला डोप टेस्ट करतात, लघवीच बोलते. आणि माझा भाचा अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात असतो, त्यानं तर वेगळंच सांगितलं. तिथं गांजा औषध म्हणून घ्यायला राज्य कार्ड देतं, पण बंदूक घेताना केंद्राचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. राज्यानं परवानगी दिली असली तरी केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदाच, असं त्यावर छापलेलं असतं. विल्सन नावाच्या बाई २०११ मध्ये बंदूक घ्यायला गेल्या. दुकानदाराला त्यांच्या कार्डाची माहिती होती, त्यानं दिली नाही. मी गांजा घेत नाही, नुसतं कार्ड आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी केंद्र सरकारवर केस केली, पण २०१६ मध्ये अपील कोर्टानंही सरकारच्याच बाजूनं निकाल दिला. भाचा म्हणला, "मामा, खोटं लिहिलं तर जेल, खरं लिहिलं तर बंदूक नाही." म्हणलं, इथं मी खरं बोललो अन् माझीही गेलीच की.

डॉक्टरीणबाई म्हणल्या, महिनाभर तेल बंद करून या. सहा रात्री काढल्या. सातव्या रात्री हिनंच बाटली उशाशी आणून ठेवली.

मग दुसरा रस्ता सापडला. पंचवीस वर्षं परवाना सांभाळला असेल तर वारसाच्या नावावर करता येतो. थोरली लेक शेत बघते, नेमही माझ्यापेक्षा बरा. तिचा अर्ज कलेक्टर ऑफिसात गेलाय, पोलिसांची चौकशी बाकी आहे. तोवर बंदूक ठाण्यात जमा अन् डुकरं मक्यात.

तेलाला झोपेपुरते चार तारे. सल्ल्याला एक, तोही वैद्यांचा आवाज गोड होता म्हणून. घरात परवान्याचं हत्यार आहे का, एवढा एक प्रश्न त्या फॉर्मात घालायला किती खर्च येतो? बाटली अर्धी उरली आहे. पुढची मागवीन, पण ड्रॉपर बदलून पाठवा.