नाव स्पायरोग्राफ, पण सर्पिल एकही नाही

ब्रिटिश अभियंते डेनिस फिशर यांनी १९६५ मध्ये लोकांपुढे आणलेल्या स्पायरोग्राफच्या धर्तीवर अनेक संच आज मिळतात; त्यांपैकी एका स्वस्त संचाविषयी हे लिहीत आहे. त्यात आतून ९६ आणि १०५ दाते असलेली दोन कडी आणि कमीअधिक दात्यांच्या, छिद्रे पाडलेल्या चकत्या आहेत. कडे कागदावर रोवून, छिद्रात बॉलपेनचे टोक घालून चकती कड्याच्या आतून फिरवत नेली की नक्षी उमटते.

नावातील ‘स्पायरो’मुळे सर्पिलाची अपेक्षा निर्माण होते आणि ती पूर्ण होत नाही. सर्पिल केंद्रापासून दूर दूर जात राहते. या संचातून निघणारी रेषा मात्र दोन ठरावीक वर्तुळांच्या मधल्या जागेत फिरत राहून अखेर आरंभबिंदूलाच येऊन मिळते. गणितात या वक्राला हायपोट्रोकॉइड म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ट्रोकोस’ म्हणजे चाक आणि ‘हायपो’ म्हणजे खाली. चकती कड्याच्या बाहेरून फिरवल्यास ‘हायपो’च्या जागी ‘वर’ या अर्थाचा ‘एपि’ येतो आणि वक्र एपिट्रोकॉइड ठरतो. उच्चाराला जड असले, तरी खोक्यावरच्या नावापेक्षा हे नाव कितीतरी प्रामाणिक आहे. पेनचे टोक नेमके चकतीच्या परिघावर असते, तर टोकदार कोपऱ्यांचा हायपोसायक्लॉइड मिळाला असता. परंतु छिद्रे नेहमी दात्यांच्या आत असल्यामुळे पाकळ्यांची टोके गोलसरच येतात.

पाकळ्यांची संख्या शाळेतल्या मसाविवर ठरते, आणि माझ्या मते संचाचे खरे मोल येथे आहे. १०५ दात्यांच्या कड्यात ४५ दात्यांची चकती फिरवली, तर मसावि १५ असल्याने कड्याच्या १०५ दात्यांना १५ ने भागून सात पाकळ्या मिळतात; ९६ मध्ये ५२ घेतल्यास मसावि ४ आणि पाकळ्या २४. इतक्या पाकळ्या पूर्ण होईपर्यंत कडे जागचे हलू नये यासाठी दिलेल्या टाचण्या फारच आखूड आहेत, त्यामुळे कागदाखाली जाड पुठ्ठा घेणे भाग पडते.

सोबतच्या माहितीपत्रकात वक्रांची नावे नाहीतच, शिवाय ९६ च्या कड्यात ४८ ची चकती फिरवली असता चक्क लंबवर्तुळ निघते, ही या संचातील सर्वांत सुंदर गोष्टही सांगितलेली नाही.